नंबर नसलेलं कार्ड

दाजी, तुमचं कोडं सुटलं. परवा, माळावरच्या शाळेत, त्याच जुन्या कॉम्प्युटरचं झाकण काढून फरशीवर मांडी घालून बसलो होतो तेव्हा. तुम्ही असता तर चष्म्याच्या वरून बघत म्हणाला असता, "बावीस वर्सं लागली व्हय, पाव्हणं? म्हस बी येवढा येळ रवंथ करीत न्हाई." मग मी चिडलो असतो, आक्का चहा घेऊन बाहेर आली असती आणि आपल्या दोघांनाही बोलली असती. यातलं काही झालं नाही. शाळेचे मुरलीधर सर तेवढे शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. लोक येतात, सतरंजीवर बसतात, "माणूस सोन्यासारखा होता" म्हणतात आणि उठतात. तुम्ही चांगले होतात हे खरंच आहे. पण तुम्ही हट्टीही तेवढेच होतात, आणि हे म्हणायची सोय दुःखाच्या घरात नसते. म्हणून लिहायला बसलोय. आपलं भांडण अर्धं राहिलंय दाजी, आणि अर्धवट भांडण मला कधीच झेपलेलं नाही.

आक्काचं लग्न तुमच्याशी झालं तेव्हा मी आठवीत होतो. घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले तसे टीव्ही आले, टीव्हीमागून कॉम्प्युटर आले, आणि तुम्ही त्याच टेबलावर, त्याच मोडक्या स्टुलावर बसून सगळ्यांची पोटं उघडत राहिलात. कुठला कोर्स नाही, कागद नाही. मी लातूरहून हार्डवेअरचा डिप्लोमा करून आलो आणि तुमच्याच दुकानात बसायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी 'भागवत' असं माझं नाव छापलेलं ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं. तुम्ही खिळा ठोकून दिलात. वर म्हणालात, "आता कॉम्प्युटर बिघडला की त्येला ह्ये दाखवू. भिऊन चालू होईल."

तुमच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी शाळकरी पोरांचं खोडरबर असायचं. कॉम्प्युटरच्या पोटातलं कार्ड, म्हणजे एकेका कामाची छोटी पाटी, खाचेतून काढायचं, त्याचे पिवळे दात खोडरबराने हळू घासायचे, फुंकर मारायची आणि परत बसवायचं. निम्मे आजार एवढ्यावर बरे व्हायचे. मी नवी कार्डं मागवून मोकळा व्हायचो आणि तुम्ही जुनंच कार्ड घासत बसायचात. उरलेल्या निम्म्या आजारांना तुमचा दुसरा इलाज होता: सगळी कार्डं काढायची, मग एकेक लावून बघायचं, कुणाच्या येण्याने बिघडतंय ते. "घरात भांडण कोन लावतंय ते सगळे घरात असताना कळत न्हाई," असं तुम्ही म्हणायचात, आणि नेमकं आमची आई चार दिवस राहायला आलेली असताना म्हणायचात.

एकदा धर्मापुरीच्या एका झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर तुम्ही नीट करून दिलात आणि महिन्याभराने भर उन्हात परत तिकडे निघालात. मी मागे बसलो होतो. तो बिचारा दचकलाच. "मी तर बोलावलं न्हाई. कावून आलात?" तुम्ही गाडी स्टँडवर लावत म्हणालात, "बोलावलं न्हाई म्हनूनच आलो." त्याचा पंखा धुळीने बंद पडायच्या बेताला आला होता. परत येताना सगळ्या रस्त्याने मी तुम्हाला धंदा कसा करावा यावर व्याख्यान दिलं. तुम्ही हूं हूं करत राहिलात. हेल्मेटमधून तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं, हे तुम्ही घरी पोचल्यावर सांगितलंत.

आता त्या कोड्याकडे येतो.

माळावरच्या अंध मुलांच्या शाळेला पुण्याच्या कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला होता. त्याच्याकडून तीन कामं करून घ्यायची होती. एक, त्याने बोलायला पाहिजे, कारण मुरलीधर सरांना स्वतःला दिसत नाही. काय टाईप झालं ते ऐकूनच त्यांना कळणार. दोन, ऑफिसचा साधा प्रिंटर. तीन, ब्रेलचा प्रिंटर, जो जाड कागदावर ठिपके उमटवतो. त्याच्यासाठी मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या पाटीवर, वेगळं कार्ड बसवायचं होतं. आवाज आधी चालू झाला. आवाजातली बाई कुठल्या देशातली होती देव जाणे. सरांनी इंग्रजी अक्षरांत 'घाटनांदूर' लिहिलं, तिने "गॅटनॅन्डर" म्हटलं, आणि पोरं हसून हसून लोळली. त्या दिवसापासून तिचं नाव गोरी मावशी.

मग तुम्ही ब्रेलचं कार्ड बसवलंत आणि मावशीची वाचा गेली. कार्ड काढलं की बोलायची, लावलं की मुकी. सरांनी विचारलं, हे असं का. मी तोंड उघडून आयआरक्यू, इंटरप्ट असं सुरू करणार, तेवढ्यात तुम्ही दोन खुर्च्या ओढल्या आणि सरांना समोर बसवलंत.

"सर, तुमी पंगतीला बसलाव असं समजा. आतला प्रोसेसर म्हंजी वाढपी. लई पळतंय, पन एकटंच हाय. कार्डं पानावर बसल्यात. ज्येला काय लागलं त्यो हाक मारतो. हाक आली की वाढपी हातातलं काम सोडून तिकडं जातो. पन परत्येकाची हाक येगळी पायजे. तिलाच नंबर म्हन्त्यात. दोगांनी एकाच नंबरानं हाक मारली की वाढपी बादली घिऊन मधीच हुबा. दोगंबी उपाशी."

"आणि इथं कुणी कुणाची हाक चोरली?"

"गोऱ्या मावशीचा नंबर पाच. ह्या नव्या कार्डालाबी पाचच पायजे."

मी तोवर कार्ड हातात घेऊन बघितलं होतं. त्याच्यावर चार बारीक पिना होत्या आणि त्यांतल्या दोन जोडायला एक काळं टोपण, जोंधळ्याच्या दाण्याएवढं, ज्याला आपण जंपर म्हणतो. टोपण या जोडीवर घातलं तर नंबर पाच, त्या जोडीवर घातलं तर सात. तिसरी सोय नव्हती. सात नंबर ऑफिसच्या प्रिंटरकडे होता आणि मावशीचा प्रोग्राम पाच सोडून दुसऱ्या नंबराला दाद देत नव्हता. मी निकाल देऊन टाकला. "हे कार्ड या बोर्डात बसत नाही. दुसरं मागवा."

"दुसरं कुठून आनू? ह्येच बशीवतो."

"दाजी, नंबर दोनच आहेत आणि दोन्ही गेलेत. प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर लागतो, पुस्तकात लिहिलंय."

"तुजं पुस्तक पंगतीला बसलंय का कदी?"

सरांच्या समोर, पोरांच्या समोर. मी तिथून जो निघालो तो तेलगावला गेलो. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चार दिवसांचं काम होतं. मुद्दाम सहा दिवस लावले. परत येऊन बघतो तर शाळेत मावशी बोलतेय आणि ब्रेलचा प्रिंटर खडखड करत ठिपके पाडतोय, दोन्ही एकाच वेळी. कार्ड तेच.

"कसं केलं?"

"उघडून बघ की."

"तुम्ही सांगा."

"सांगत न्हाई. इचार करून ये. बक्षीस हितं खिशात तयार ठिवलंय," असं म्हणत तुम्ही छातीवरच्या खिशावर दोन बोटं आपटलीत.

झाकणाचे चार स्क्रू काढायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मग तुम्ही जिंकलात असं झालं असतं. म्हणून मी ते झाकण कधीच उघडलं नाही. त्या शाळेची सगळी दुरुस्ती मी तुमच्यावर सोडली आणि आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की तुम्ही मावशीलाच काहीतरी करून दुसऱ्या नंबरावर हलवलं असणार. पुढे मी अंबाजोगाईला स्वतःचं दुकान टाकलं, लॅपटॉप आणि कॅमेऱ्यांचं. माझं लग्न झालं, मुलं झाली. दर दिवाळीला, दर भाऊबीजेला तुम्ही ताटावरून मान वर करून विचारायचात, "सापडलं का?" आणि खिशावर दोन बोटं. मला वाटायचं, मला डिवचायला करताय.

माझ्या लग्नातलं एक सांगतो. तुम्ही घरचे जावई, तुम्हाला पाट, रांगोळी, मानाचं पान. आणि तुम्ही कमरेला टॉवेल बांधून बुंदीची परात घेऊन पंगतीत. आमचे वडील ओशाळून धावत आले. "आवो, जावायानं वाढायचं असतं व्हय?" तुम्ही म्हणालात, "मामा, जावई बसून जेवला तर एकाचंच पोट भरतंय." मी बोहल्यावरून उतरून तिथेच उभा होतो. बाकीचे वाढपी "वरण वरण", "भात भात" अशा हाका येतील तिकडे पळत होते. तुमची चाल निराळी. तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जायचात आणि माणसाच्या तोंडाकडे न बघता पानाकडे बघायचात. शेवटी आईचे कुणी लांबचे चुलते बसले होते, फाटका सदरा, मान खाली. त्यांनी हाक मारली नव्हती, मारणारही नव्हते. तुम्ही परात टेकवून त्यांच्यासमोर बसलात आणि ओंजळभर बुंदी वाढलीत. मी हे बघितलं दाजी. बघून एवढंच मनात आलं, की दाजी लई हळू वाढतात.

सहा महिन्यांपूर्वीचं भांडण माझ्याच चांगुलपणातून निघालं. एका ओळखीच्या माणसाकडून मी त्या शाळेला नवा कोरा लॅपटॉप मिळवून दिला. वाटलं होतं तुम्ही पाठ थोपटाल. लॅपटॉप झकास बोलत होता, अगदी शुद्ध मराठीत. पण ब्रेलचा जुना प्रिंटर त्याला काही केल्या जोडता येईना. त्याची जाडजूड केबल बसेल असं भोकच नव्या लॅपटॉपला नसतं. मधे लावायची वायर आणली, तिच्यातून प्रिंटर कचरा छापायला लागला. नवा ब्रेल प्रिंटर घ्यायची शाळेची ऐपत नाही. तरी मी म्हणालो, की जुनं सगळं भंगारात काढा, त्याशिवाय नवं यायचं नाही. तुम्ही म्हणालात, "पोरान्ला परीक्षेला कागद लागतोय, त्यो कशावर छापू? तुज्या भाषनावर?"

मग मी ते बोललो. "जुनं टिकलं तरच लोक तुम्हाला हाक मारणार. नवं आलं तर तुमच्या दारात कोण येणार, हीच भीती आहे तुम्हाला."

तुम्ही खिशातलं खोडरबर काढलंत, बघितलंत, परत ठेवलंत. मी गाडीला किक मारून निघालो.

त्यानंतर तुमचा फोन आला नाही. मीही केला नाही. मनात म्हणायचो, दाजींनी हाक मारली तर एका पायावर जाईन, पण आधी त्यांनी मारावी. आक्काशी फोनवर बोलायचो, तुम्ही कुठे आहात विचारायचो नाही. अंबाजोगाई ते घाटनांदूर अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. त्या सहा महिन्यांत मी दोनदा लातूरला जाऊन आलो, दोन्ही वेळा तुमच्या फाट्यावरून. आणि एका सकाळी आक्काचा फोन आला तो तुम्ही गेल्याचाच.

छातीत तीन महिन्यांपासून दुखत होतं म्हणे. आक्का सांगत होती, "म्या म्हनलं भागवतला फोन लावते, त्यो चांगल्या डॉक्टरकडं निईल. ह्ये म्हनले नको, कामात असंल. गोळ्या चालू हायत की." ती हे रडून सांगत नाही, एखादी वस्तू कुठे ठेवली ते सांगावं तशी सांगते. मला ऐकवत नाही.

तेराव्याला मी वाढायला उभा राहिलो. वाटलं, एवढं तरी करू. वरणाची बादली घेऊन सपासप चाललो होतो, हाक येईल तिथे पळी. दोन फेऱ्या झाल्यावर आक्का दारातून म्हणाली, "आरं, सरांच्या पानात कायबी न्हाई." बघतो तर कडेला मुरलीधर सर, हात मांडीवर, समोर नुसती पत्रावळ आणि कोपऱ्यात मीठ. दोन्ही वेळा मी त्यांच्यावरून गेलो होतो.

"सर, आवाज कावून दिला न्हाई?"

"सवय नाही हो," सर म्हणाले. "तुमच्या दाजींच्या पंगतीत कधी द्यावा लागला नाही."

हात धुताना सरांनीच सांगितलं, की कॉम्प्युटर चार दिवसांपासून चालूच होत नाही, पोरांची परीक्षा दहा दिवसांवर आलीय आणि प्रश्नपत्रिका अजून छापायच्या आहेत. "तुम्ही दुःखात आहात, पण जमलं तर बघा." मी येतो म्हणालो. निघताना आक्काने तुमच्या धुवायच्या शर्टातून निघालेलं सगळं एका वाटीत आणून दाखवलं. झिजलेली तीन खोडरबरं, एक किल्ली, एक काळं बारीक टोपण. "ह्ये काय रं? म्या कितीदा टाकून दिऊ म्हनलं, तर खेकसायचे." मी म्हणालो, काही नाही, जंपर आहे, असले आमच्याकडे पसाभर पडलेत. आणि खिशात टाकलं.

परवा शाळेत गेलो. आजार साधा होता. बोर्डावरचा गोल सेल संपला होता. त्यामुळे कॉम्प्युटर सगळी जुनी मांडणी विसरून सुरुवातीलाच अडून बसला होता. सेल बदलायला झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तुमचं पेन्सिलचं अक्षर होतं, उघडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये तुम्ही लिहून ठेवायचात तसं:

आवाज – ५
ऑफिस प्रिंटर – ७
ठिपके –

ठिपक्यांपुढे नुसती रेघ. म्हणजे माझा बावीस वर्षांचा अंदाजही चुकला होता, मावशी पाचवरच होती. सेल घातला, पाच नंबर मावशीसाठी राखून ठेवला, झाकण बाजूलाच ठेवून कॉम्प्युटर चालू केला. मावशी बोलायला लागली. सरांनी हात जोडले. मग माझं लक्ष ब्रेलच्या कार्डाकडे गेलं. चारही पिना उघड्या. टोपण नाही.

मला वाटलं, पडलं. दाजींचं वय झालं होतं, नजर गेली होती, जंपर पडला तरी कळलं नसेल. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं, की तुमच्या हातून काहीतरी सुटलं आणि ते मला दिसलं. कॉम्प्युटर बंद केला, खिशातलं ते काळं टोपण काढलं आणि डिप्लोमावाल्याच्या ऐटीत पाचच्या जोडीवर दाबून बसवलं. परत चालू केला. सरांनी 'प्रश्नपत्रिका' टाईप करून मावशीला वाचायला लावली.

"प्रॅ प्रॅ प्रॅ प्रॅ प्रॅ," मावशी म्हणाली आणि थांबेचना.

सर दचकून मागे सरले. "काय केलंत? आत्ता तर बरी बोलत होती."

"कार्डाचं टोपण पडलं होतं सर. लावलं."

सर हसायला लागले. दाजी, ते इतके हसले, की वर्गातली पोरं दारात गोळा झाली. "अहो, ते पडलेलं नाही. ते काढलेलं आहे. तुमच्या दाजींनी बावीस वर्षांपूर्वी काढलं आणि खिशात ठेवलं. मला बजावून ठेवलं होतं, की पाव्हण्याला सांगायचं नाही, त्याचं त्याला सापडू द्या."

"पण नंबर नाही तर ते कार्ड हाक कशी मारतं?"

"मारतच नाही. ते म्हणायचे, पंगतीत काही माणसं हाक मारत नसतात, म्हणून काय त्यांना उपाशी ठेवायचं? वाढप्यानं आपणहून जाऊन पान बघायचं. तसं कॉम्प्युटरच मधून मधून जाऊन त्या प्रिंटरकडं बघून येतो, की बाबा, तुझं झालं का, पुढचं देऊ का. थोडं हळू होतं, एवढंच."

पुस्तकातही असणार हे. नंतरच्या पानावर असेल, मी तिथपर्यंत गेलो नसेन. पंगतीची निम्मी गोष्ट तुम्ही त्या दिवशी सांगितलीत, आणि उरलेली निम्मी मी माझ्याच लग्नात डोळ्यांनी बघूनही ओळखली नाही. आणि बक्षीस खरंच खिशात होतं.

टोपण काढलं. मावशीने "प्रॅश्नॅपॅट्रिका" असं पूर्ण म्हटलं, आणि प्रिंटर खडखडायला लागला. पहिला कागद सरांनी बोटांनी वाचला. वाचता वाचता म्हणाले, "शेवटी शेवटी दाजींना हा चढ झेपत नव्हता. पायऱ्यांवर तीनदा थांबायचे. मला श्वास ऐकू यायचा. तुम्हाला माहीत असेलच." मी हो म्हणालो. खोटं बोललो.

त्या संध्याकाळी माझं दुकान उघडून नुसता बसून होतो. रस्त्यापलीकडचे चहावाले रशीदभाई येऊन समोर बसले. म्हणाले, "तुमचे दाजी गेले ते मला उशिरा कळलं. लई नेक आदमी. ह्या दोन-तीन महिन्यांत धा-बारा बार आलते माझ्याकडं."

"तुमच्याकडे? अंबाजोगाईत?"

"दवाखान्यात यायचे ना. येताना माझ्याकडं बसायचे, बिनसाखरेचा चहा. तुमच्या दुकानाकडं बघत. मी म्हनायचो, जावा की, मेहुण्याला भेटा. तर म्हनायचे, गिऱ्हाईक हाय, गडबडीत हाय, बरं चाललंय त्याचं. एवढं बघायलाच आलतो. आन् उठायचे."

दाजी, मी हाक मारली नव्हती. मारणारही नव्हतो, तुमच्याएवढाच हट्टी आहे. तरी तुम्ही दुखती छाती घेऊन माझ्या पानात बघायला येत होतात, आणि पान भरलेलं बघून पुढे जात होतात. मी मात्र तुमच्या हाकेची वाट बघत बसलो होतो. फाट्यावरून दोनदा गेलो आणि गाडी वळवली नाही. तुम्हाला कधीच हाक मारायची सवय नव्हती, हे घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. मलाच कसं माहीत नव्हतं? हे मी जन्मभर स्वतःला विचारणार आहे, आणि याचं उत्तर कुठल्या झाकणाखाली लिहिलेलं नाही.

तुमच्या दारात कोण येणार, असं मी म्हणालो होतो. सांगतो कोण आलं. धर्मापुरीचा झेरॉक्सवाला आला. तेलगावहून जिनिंगचा मुनीम आला. ज्यांचे कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेले तेही आले. शाळेची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने आली आणि तुमच्या दुकानाच्या शटरला हात लावून गेली. तो शब्द मी परत घेतो दाजी. ऐकायला तुम्ही नाही आहात, तरी घेतो.

एका मुद्द्यावर मात्र माघार नाही. तो कॉम्प्युटर म्हातारा झालाय आणि शाळेला नवा ब्रेल प्रिंटर मिळालाच पाहिजे. मी त्याच्या मागे लागलोय. तुम्ही यात चुकलात, आणि हे तुमच्या तोंडावर म्हणता येत नाही म्हणून मला मजाही येत नाही. तोवर जुना मी चालवीन. खोडरबर घेतलंय. ठिपक्यांपुढची ती रेघ तशीच ठेवलीय, नंबर लिहिलेला नाही. टोपण माझ्या खिशात आहे.

आज रविवार आहे. सकाळपासून तीनदा फोन बघितला. आक्काचा फोन आलेला नाही. ती करायची पण नाही.

गाडी काढलीय दाजी. घाटनांदूरला चाललोय.